दहा, सुट्या

आमच्या पुंता अरेनासचा वारा असा
की वळणावर दोर बांधून ठेवतात, माणसांनी धरायला.
समुद्रकाठच्या रस्त्यावर एक सिग्नल आहे,
गाड्यांसाठी नाही, कातडीसाठी:
हिरवा, पिवळा, तांबडा,
आणि ऑक्टोबरात कधी कधी जांभळा.
जांभळा लागला की माझ्या फळीवरची मलमं संपतात.
वर आभाळ निळंशार,
जणू आपण त्या गावचेच नाही.

एदेल्मिरा दर दुसऱ्या शुक्रवारी येते
खेकड्यांच्या कारखान्यातून थेट, पायात गमबूट तसेच.
‘व्हिटॅमिन ई. दहा. सुट्या.’
अख्खी बाटली घे, स्वस्त पडेल,
सांगून सांगून माझी जीभ झिजली.
ती नाणी मोजते.
नाणी मी रात्री वेगळी ठेवते, त्यांना समुद्र लागलेला असतो.

सोळा वर्षं मी औषधं विकते, आशा विकत नाही.
म्हणून तिलाही सांगितलं:
हे तेल आहे, जादू नाही.
व्रण जातोच असं नाही,
एखादीला उलट पुरळ उठतो.
आधी मनगटाच्या आत एक थेंब लाव, दिवसभर वाट बघ.
टाचणी उकळून घे.
आणि उशीच्या अभ्र्याला जप, डाग निघत नाही.
(हे शेवटचं मला कसं माहीत, ते तिनं विचारलं नाही.
माझ्या गळ्यावर किटलीच्या वाफेची खूण आहे,
तीन वर्षं रोज रात्री एक कॅप्सूल फोडते मी तिच्यावर.
खूण आहे तिथंच आहे.
पण त्या निमित्तानं कुणाचा तरी हात
गळ्यावरून फिरतो, माझाच का असेना.)

‘तोंडासाठी नाही गं,’ ती म्हणाली,
आणि हसली, पुढचा दात नसलेलं.

जूनमध्ये बर्फानं रस्ते अडले
तेव्हा मीच गेले, दहा कॅप्सूल खिशात घालून.
पत्र्याचं घर, शेगडी, शेगडीपाशी तिचा सासरा.
बेलार्मिनो.
चाळीस हंगाम मेंढ्या भादरल्या त्यानं
खाडीपलीकडच्या कुरणांवर.
लोकरीचं ओशट इतकं मुरलेलं हातांत
की लग्नात नाचताना बायका हात सोडून घेत,
लाजून: याचे तळवे आपल्याहून मऊ.
आता मेंढ्या नाहीत, नावं नाहीत,
सुनेला तो ‘बाई’ म्हणतो,
आणि तळवे वाळक्या सालीसारखे, भेगांतून रक्त.

तिनं टाचणी टोचली.
पिवळं, दाट, मधाहून आळशी तेल
हळूहळू थेंब व्हायला तयार झालं.
एका हाताला पाच, दुसऱ्याला पाच.
तिच्या बोटांवर खेकड्यांच्या काट्यांचे ओरखडे,
त्यांच्यासाठी ती एक थेंबही ठेवत नव्हती.
म्हाताऱ्यानं तळवा नाकाशी नेला.
‘याला वास नाही,’ म्हणाला.
तक्रार नव्हती ती. शोधाशोध होती.

मी काही बोलले नाही. परत आले.
गोदामात मागच्या फळीवर, धुळीत,
शुद्ध लोकरतेलाचा एक डबा होता,
कुण्या दाईनं मागवून न नेलेला.
झाकण उघडलं तर
दुकानभर ओला कळप.

पुढच्या वेळी दहांबरोबर तो दिला.
‘त्यातच मिसळ,’ म्हटलं, ‘वाटाण्याएवढं.’

ती सांगत होती परवा, गल्ल्याशी उभी राहून,
मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं:
त्यानं वास घेतला. परत घेतला.
मग तिचाच हात ओढला, उलटा केला,
गुडघ्यांत धरला घट्ट, पण दुखणार नाही असा,
आणि दोन बोटांची कातर
मनगटापासून कोपरापर्यंत चालवत नेली, एकही केस न दुखवता.
‘हलू नकोस,’ म्हणाला,
‘झालंच. मोकळी होशील आता.’

ती अजिबात हलली नाही म्हणे.
तेल वाळेपर्यंत, शेगडी विझेपर्यंत.

डब्याचे पैसे
मी अजून वहीत मांडलेले नाहीत.